विलायतेच्या घरांतून निसटणारी ऊब

आपल्या बेटावर घर बांधायचे म्हटले की पहिला विचार येतो तो वादळाचा. १९६० साली जानेवारीत ‘अलिक्स’ आणि फेब्रुवारीत ‘कॅरोल’ अशी दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली, गवताची, लाकडाची आणि पत्र्याची हजारो घरे भुईसपाट झाली, आणि त्यानंतर मॉरिशसने सिमेंटचे छप्पर पक्के धरले. ज्या देशाला ज्याचे भय, त्या देशाचे घर त्याच्याशी झुंजण्यासाठी बांधलेले असायचे, असे आपण धरून चालतो. त्या हिशेबाने इंग्लंडचे घर थंडीशी झुंजायला सज्ज असायला हवे. प्रत्यक्षात लंडन, बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टर या शहरांतली रांगारांगांनी उभी असलेली विटांची घरे थंडी गृहीत धरून बांधलीच गेली नाहीत. ती बांधली गेली स्वस्त कोळसा गृहीत धरून. कोळसा संपला, त्याच्या जागी गॅस आला. भिंती मात्र त्याच राहिल्या. आज ब्रिटन ज्या पेचात सापडले आहे त्याचे मूळ येथे आहे.

हा विषय आपल्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्यापैकी किती घरांतली माणसे तिकडे आहेत ते मोजावे. स्वातंत्र्याच्या आगेमागे, साठ-सत्तरच्या दशकांत, परिचारिकेचे शिक्षण घ्यायला म्हणून इथल्या मुली आणि मुलगे ब्रिटनच्या इस्पितळांत गेले. त्यांतले बरेच तिथेच स्थायिक झाले. आज त्यांची नातवंडे तिथे आहेत, आणि इथून नवी मुले शिकायला, नोकरीला जातच आहेत. पूर्वी पत्रांतून बर्फाचे वर्णन यायचे. आता फोनवर गॅसच्या बिलाचे येते. आणि ते वर्णन काव्यमय नसते.

आकडेच सांगतो. तिथे वीज आणि गॅस यांच्या दरावर सरकारी नियामक संस्था एक कमाल मर्यादा घालते. साधारण कुटुंबाचे वर्षाचे बिल त्या मर्यादेप्रमाणे ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होते. एप्रिल २०२२ मध्ये ते १,९७१ झाले. ऑक्टोबर २०२२ साठी जाहीर झालेला आकडा होता ३,५४९ पौंड. एवढे बिल लोक भरूच शकणार नाहीत हे उघड होते, म्हणून सरकारने मधे पडून, आपल्या खजिन्यातून भर घालून, ते २,५०० च्या आसपास रोखले. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर केलेले आक्रमण हे याचे मोठे कारण, यात शंका नाही. पण युद्ध दूर युरोपच्या पूर्व टोकाला, आणि हुडहुडी लंडनमधल्या म्हातारीला, हे कसे झाले? तर तिच्या घराला तग धरण्याची शक्तीच नव्हती म्हणून.

कोळशाचा वारसा

शेगडीत कोळसा पेटवायचा तर तिला वारा लागतो. धुराडे हवा वर ओढते, आणि ती हवा दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, लाकडी जमिनीच्या फटींतून आत येते. म्हणजे जुन्या इंग्रजी घरातल्या फटी हा गवंड्याचा गलथानपणा नव्हता. त्याशिवाय शेगडी पेटलीच नसती. शेगडीसमोर बसावे, पुढून भाजावे आणि पाठीमागून गारठावे, हीच तिथली रीत होती. भिंत नऊ इंच जाडीची, भरीव विटांची. इंग्लंडमधल्या दर पाच घरांपैकी जवळजवळ एक घर १९१९ च्या आधीचे आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या भिंती अशाच आहेत. दोन पातळ भिंती आणि मधे पोकळी अशी रचना रूढ झाली ती १९२० च्या दशकापासून पुढे.

मग डिसेंबर १९५२ उजाडला. ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर धुराचे आणि धुक्याचे असे दाट पांघरूण बसले की भरदिवसा रस्ता दिसेना. त्या दिवसांत सुमारे चार हजार माणसे दगावली असा त्यावेळचा हिशेब; पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा दहा हजारांच्या वर नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घराघरातल्या धुरकट कोळशावर बंधने आली. दशकभराने उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू किनाऱ्याला लागला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातल्या घरोघरी माणसे पाठवून प्रत्येक चूल, प्रत्येक हीटर जुन्या कोळसा-वायूवरून नव्या वायूवर बदलून दिला गेला. सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांची ही उलथापालथ होती. सरकारने एकदा मनात आणले की घराघरात शिरून काम कसे करता येते याचा हा धडा. पुढे तो विसरला गेला, पण ते नंतर.

गॅस आला तसा ‘सेंट्रल हीटिंग’ आला. एका कपाटाएवढा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते. १९७० मध्ये ब्रिटिश घराच्या आतले हिवाळ्यातले सरासरी तापमान सुमारे १२ अंश होते. वाचकहो, हे आपल्या क्युरपीपच्या जुलै-ऑगस्टमधल्या थंड रात्रीच्या जवळपासचे तापमान झाले, आणि तेही घराच्या आत, सर्व खोल्यांचे मिळून! पुढच्या चाळीस वर्षांत ते सुमारे १७ अंशांवर गेले. याला कोणी चैन म्हणू नये. तान्ह्या मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला १२ अंशांत झोपवणे ही काही पुरुषार्थाची गोष्ट नव्हे. पण ही सगळी ऊब भिंती न सुधारता, नुसता गॅस जाळून मिळवली गेली. हिशेब इथे चुकला.

भिंतीचे गणित

उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे जाते, एवढे शाळेतले शास्त्र पुरे आहे. आपल्याला याचा उलटा अनुभव रोजचा आहे. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री दहा वाजता खालच्या खोलीत उष्णता सोडत बसतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवीत राहतो. स्लॅबवर उष्णता अडवणारा थर असता तर ती आत उतरलीच नसती. आपण तो थर सहसा घालत नाही, वातानुकूलन यंत्र घेतो. आणि आपल्याकडची बहुतांश वीज अजून कोळसा व तेल जाळूनच होते. असो. इंग्लंडमध्ये हीच गोष्ट आतून बाहेर घडते.

समजा एका मध्यम घराच्या बाहेरच्या भिंती ५० चौरस मीटर आहेत. आत २० अंश, बाहेर शून्य. नऊ इंची भरीव विटेच्या भिंतीतून एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला, साधारण दोन वॅटहून थोडी अधिक उष्णता जाते. गुणाकार केला तर दोन हजार शंभर वॅट. म्हणजे एक-एक किलोवॅटचे दोन हीटर रात्रंदिवस केवळ गल्ली तापवण्यासाठी चालू ठेवल्यासारखे झाले. त्याच भिंतीला आतून किंवा बाहेरून इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फेसाचा किंवा खनिज लोकरीचा, नीट थर दिला तर हा आकडा तीनशे वॅटवर येतो. माळ्यावर तर काम याहून सोपे. उताराच्या छपराखालच्या माळ्यावर २७० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून जाड, लोकर अंथरली की छतातून होणारी गळती जवळजवळ थांबते. काही न केलेल्या घरात सुमारे एक तृतीयांश उष्णता भिंतींतून आणि चौथा हिस्सा छपरातून जातो असे तिथले जाणकार सांगतात. बाकीची खिडक्या, जमीन आणि फटी यांच्या वाट्याला.

थंडीत दोन पातळ पांघरुणे एका जाड पांघरुणापेक्षा अधिक ऊब देतात हे आपल्या आजीला ठाऊक होते. मधली हवा कोंडली जाते, ती ऊब राखते. इन्सुलेशनचे सारे शास्त्र कोंडलेल्या हवेचेच आहे. लोकर काय, फेस काय, दुहेरी काच काय, सगळ्यांचे मर्म एकच.

मग एवढी सोपी गोष्ट झाली का नाही? अजिबात झाली नाही असे नाही. घराच्या भिंतीतून किती उष्णता जाऊ द्यावी याची मर्यादा ब्रिटनमध्ये प्रथम १९६५ च्या बांधकाम-नियमांत आली, आणि ती इतकी सैल होती की आजच्या नव्या घराच्या तुलनेत त्या काळच्या भिंतीतून आठ-नऊपट उष्णता निसटे. १९७३ च्या तेलसंकटाने डोळे उघडले. १९७६ मध्ये नियम आवळले गेले, १९७८ मध्ये कायदा होऊन माळ्यावरच्या लोकरीला अनुदान मिळू लागले. पुढे २००५ पासून अधिक कार्यक्षम बॉयलर सक्तीचे झाले, पोकळ भिंतींत खनिज लोकर भरण्याची मोहीम चालली, आणि २००४ च्या आसपास शिगेला पोचलेला घरगुती गॅसचा खप दहा वर्षांत जवळपास चौथाईने उतरला. गॅस महागला हेही एक कारण होते. तरी भिंत आणि बॉयलर सुधारले की देशाच्या खपावर परिणाम दिसतो, एवढे यातून सिद्ध झाले.

आणि तेव्हाच गाडी रुळावरून उतरवली गेली. २०१२ या एका वर्षात माळे आणि पोकळ भिंती मिळून वीस लाखांहून अधिक कामे झाली होती. त्यानंतर जुन्या योजना बंद करून जानेवारी २०१३ मध्ये सरकारने ‘ग्रीन डील’ नावाची कर्ज-योजना आणली: घर सुधारा, पैसे बिलातून हप्त्याने फेडा. कागदावर ती सुरेख होती. व्याज मात्र चढे आणि सोपस्कार भारी. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. साऱ्या देशात जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास कर्जे गेली आणि जुलै २०१५ मध्ये ती गुंडाळली. इन्सुलेशनची कामे काही वर्षांत एक दशांशावर आली. त्याच जुलैत आणखी एक निर्णय झाला. २०१६ पासून प्रत्येक नवे घर कर्बमुक्त असावे हे धोरण २००६ पासून ठरलेले होते. ते सुरू होण्याच्या तोंडावर रद्द केले गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये दहा लाखांहून कितीतरी अधिक घरे बांधली गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांत पुन्हा गॅसचा बॉयलरच बसला. आता ती घरे पुढे-मागे उकरावी लागतील. नवे घर बांधतानाच जो खर्च थोडक्यात झाला असता तो नंतर कितीतरी पटींनी करावा लागतो, हे घर बांधलेल्या कोणत्याही माणसाला सांगायला नको.

माझ्या मते या सगळ्या कथेत पैशापेक्षा मोठी हानी झाली ती कारागिरांची. २०१२ नंतर भिंती भरणारी, माळे अंथरणारी माणसे कामावाचून बसली आणि दुसऱ्या धंद्याला लागली. पाच-सात वर्षांनी सरकारला पुन्हा जाग आली तेव्हा हात शिल्लक नव्हते.

ऊब वाढली, बचत कुठे गेली?

घराला थर दिला की गॅसचा खप तेवढाच कायमचा कमी होतो, असे समजणेही भाबडेपणाचे आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पंचावन्न हजार घरांच्या गॅसच्या खपाचा बारा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. पोकळ भिंत भरली की पहिल्या वर्षी खप सरासरी सात टक्क्यांनी उतरला. दुसऱ्या वर्षी बचत तीन टक्क्यांच्याही खाली आली, आणि चौथ्या वर्षी ती जवळजवळ दिसेनाशी झाली. माळ्याच्या बाबतीत तर त्याहून लवकर. कारणे मानवी स्वभावातली आहेत. घर ऊबदार झाले की लोक आणखी एक खोली तापवतात, खिडकी किलकिली ठेवतात, मागच्या बाजूला काचेची पडवी वाढवतात.

या अभ्यासावरून काहींनी लगेच निष्कर्ष काढला की इन्सुलेशन म्हणजे पैसा पाण्यात. मला हा निष्कर्ष पटत नाही. जी म्हातारी १४ अंशांत शाल पांघरून बसत होती ती १८ अंशांत बसू लागली, गॅस तेवढाच जळला, तर ते अपयश कसे? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१७-१८ च्या हिवाळ्यात इतर काळाच्या मानाने पन्नास हजारांवर अधिक मृत्यू झाले होते. त्यांत फ्ल्यूचा मोठा वाटा होता, पण गार घरांचाही होता. स्वीडन आणि फिनलंडमध्ये थंडी कितीतरी अधिक, तरी हिवाळ्यातल्या जादा मृत्यूंचे प्रमाण कमी. तिथली घरे ऊब धरून ठेवतात. तेव्हा भिंतीचा थर हे आधी आरोग्याचे काम आहे. मात्र हवेत जाणारा कर्बवायू मोजायचा झाला तर केवळ भिंतीवर भागणार नाही, हे त्या अभ्यासाने दाखवले आणि ते मान्य केले पाहिजे. जोवर भिंतीआड गॅसच जळतो आहे तोवर वाढलेल्या ऊबेचा धूर होणारच.

२०१९ च्या जूनमध्ये ब्रिटनने कायदा करून २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. देशाच्या उत्सर्जनाचा सुमारे सातवा हिस्सा घराघरांतल्या बॉयलरमधून आणि चुलींतून निघतो. विजेच्या बाबतीत त्या देशाने मोठा पल्ला गाठला आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथले अखेरचे कोळशावरचे वीजकेंद्र बंद झाले. ज्या देशाने कोळशावरच्या विजेची सुरुवात केली त्यानेच ती संपवली. वीज अशी स्वच्छ होत गेल्यामुळेच घर विजेवर तापवण्याला अर्थ आला आहे.

त्यासाठीचे यंत्र म्हणजे हीट पंप. शीतकपाट आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकते ना? त्याचीच ही उलटी आवृत्ती. बाहेरच्या गार हवेतली उष्णता गोळा करून घरात आणायची. एक युनिट वीज घालावी तर तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते. आता घरचा हिशेब मांडू. साधारण ब्रिटिश घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस जाळते. त्यातून दोन टन कर्बवायू निघतो. तेवढीच ऊब हीट पंपाने द्यायची तर साडेतीन हजारांहून थोडी कमी वीज लागते, आणि आजच्या तिथल्या विजेच्या मानाने तिचा कर्बवायू अर्ध्या टनाच्या आसपास भरतो. म्हणजे पाऊण भाग वाचला.

पण बिल वाचले का? इथेच गाठ आहे. २०२४ मध्ये तिथे गॅसचे एक युनिट सहा पेन्सच्या आसपास आणि विजेचे चोवीसच्या आसपास होते. चौपट महाग वीज घेऊन तिप्पट उष्णता मिळवायची, तर गिऱ्हाइकाच्या हाती तोटाच. सरकार २०२२ पासून हीट पंपासाठी पाच हजार पौंड आणि ऑक्टोबर २०२३ पासून साडेसात हजार पौंड अनुदान देत आले. २०२८ पर्यंत दरवर्षी सहा लाख पंप बसवण्याचे लक्ष्य जाहीर केले. आणि २०२४ मध्ये विकले गेले एका लाखाच्या आत.

भिंतीचा थर पुन्हा कामी येतो तो नेमका इथे. गळक्या घरात रेडिएटरमधले पाणी ७० अंशांपर्यंत तापवावे लागते, तेव्हा कुठे खोली तापते. थर दिलेल्या घराला ४० ते ४५ अंशांचे कोमट पाणी पुरते. आणि हीट पंपाचा स्वभाव असा, की पाणी जितके कमी तापवायचे तितके त्याचे काम सोपे. तोच पंप गळक्या घरात जेमतेम अडीचपट उष्णता देतो, तर चांगल्या घरात चौपटीच्या जवळ जातो. चौपट झाली की बिल गॅसच्या बरोबरीला किंवा खाली येते. भिंत आणि पंप यांची जोडी जमली तरच संसार चालतो. ‘आधी भिंत की आधी पंप’ हा तिकडचा वाद म्हणूनच मला फारसा फलदायी वाटत नाही. ज्या घराचे छप्पर उघडे आहे तिथे आधी माळा, आणि ज्या घराच्या पोकळ भिंती कधीच भरून झाल्या आहेत तिथे थेट पंप, इतका तो साधा आहे.

हे जमते याचे दाखले आहेत. जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात १९९१ मध्ये चार घरांची अशी एक रांग बांधली गेली, की जिला तापवायला साध्या घराच्या मानाने सुमारे एक दशांश ऊर्जा पुरली. त्यालाच पुढे ‘पॅसिव्ह हाऊस’ हे नाव पडले. इंग्लंडमध्येच, नॉरिच शहराच्या नगरपालिकेने गोल्डस्मिथ स्ट्रीटवर शंभराहून थोडी अधिक भाड्याची घरे याच कसोटीवर बांधली, आणि २०१९ मध्ये त्या वस्तीला स्टर्लिंग पारितोषिक, म्हणजे ब्रिटिश वास्तुकलेतला मोठा मान, मिळाले. श्रीमंतांचे बंगले नव्हेत, सामान्य भाडेकरूंची घरे. कोपनहेगनने तिसरीच वाट धरली: वीजकेंद्रांची वाया जाणारी उष्णता नळांनी घरोघरी नेली, आणि आज त्या शहरातल्या जवळजवळ सर्व इमारती त्यावरच तापतात.

वाईट काम, जीवघेणे काम

आता सर्वांत दुःखद भाग. पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला २०१६ मध्ये बाहेरून नवे आवरण चढवले गेले होते. घरे ऊबदार व्हावीत हा त्यामागचा एक हेतू. पण आतला थर जळणारा फेस, आणि त्यावरचे पत्रे प्लॅस्टिकचा गाभा असलेले. १४ जून २०१७ च्या पहाटे एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणाला भिडली आणि भराभरा वर चढली. बहात्तर माणसे गेली. अनेक देशांतून पोटासाठी लंडनला आलेली कुटुंबे त्यांत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या अंतिम चौकशी अहवालाने माल विकणाऱ्यांची अप्रामाणिकता आणि सरकारची अनेक वर्षांची बेपर्वाई उघड मांडली. दगडी लोकरीसारखे न जळणारे पदार्थ बाजारात उपलब्ध होते, ही त्यातली अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट.

आग नाही तरी ओल असते. माणसाच्या श्वासाची, न्हाणीची, स्वयंपाकाची वाफ पूर्वी फटींतून बाहेर जात होती. फटी बुजवल्या आणि हवा बाहेर काढणारा पंखा बसवला नाही, की ती वाफ गार कोपऱ्यात पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. बाहेरून थर देताना खिडकीच्या कडेला, छपराच्या टोकाशी फट राहिली तर पावसाचे पाणी आत शिरते आणि थराच्या मागे अडकते. हे अपवादाने घडले असे म्हणायचीही सोय नाही. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी योजनांखाली झालेल्या अलीकडच्या कामांचा अहवाल दिला. भिंतीला बाहेरून थर दिलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष निघाले. अशी घरे बावीस-तेवीस हजार. आतून थर दिलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के होते. कंत्राटावर पोटकंत्राट, अर्धेकच्चे शिकलेले हात, आणि तपासणी करणाऱ्यांवर तपासणी कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही. मागे म्हटलेली कारागिरांची हानी ती ही. घरात फुकट थर मिळाला म्हणून आनंदलेली कुटुंबे आता भिंतीवरची बुरशी पुसत बसली आहेत.

आपली जी मुले तिकडे भाड्याने राहतात त्यांच्या कामाची एक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. तिथे घर भाड्याने देताना मालकाने ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवावे लागते. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेणी असतात, ‘ए’ उत्तम, ‘जी’ सर्वांत वाईट. एप्रिल २०१८ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अपवाद सोडता ‘ई’च्या खालचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही. ही कसोटी ‘सी’पर्यंत वर नेण्याचा बेत सप्टेंबर २०२३ मध्ये सोडून देण्यात आला आणि पुढच्या सरकारने तो पुन्हा हाती घेतला, त्यामुळे घरमालक आज करू, उद्या करू असे म्हणत राहिले. दोन खोल्यांचे भाडे सारखे असले आणि एक ‘सी’ व दुसरी ‘ई’ असली, तर दुसरी खोली खरोखर महाग आहे. फरक भाड्यात न दिसता जानेवारीच्या बिलात दिसतो. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते, तेव्हा त्यावरची तारीख पाहावी. भिंत भरीव आहे की पोकळ, माळ्यावर किती जाड थर आहे, हे त्याच कागदावर लिहिलेले असते. आणि घर पाहायला शक्यतो हिवाळ्यात, पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे. कपाट भिंतीपासून थोडे ओढून त्यामागचा कोपरा पाहावा, बोटाने चाचपावा, आणि न्हाणीघरातला पंखा लावून त्याच्या जाळीपाशी कागदाचा कपटा धरावा. कपटा जाळीला चिकटला तर पंखा हवा ओढतो आहे.